शेपटातली बाई

आवाज कानावर पडला तेव्हा थोरली मटार सोलत बसली होती. हातातली शेंग अर्धी उघडली आणि तशीच राहिली.

सुईत दोरा, दोऱ्यात गाठ,
गाठीत माझी अडकली वाट…

ना पेटी, ना तबला. नुसता बाईचा कोरडा गळा आणि मागं पंख्याची घरघर. पंखा थोरलीच्या जुन्या दुकानातला आणि गळा तिच्या धाकट्या जावेचा. एकतीस वर्षांत हा गळा या घरात कुणी ऐकला नव्हता, आणि थोरलीचं चाललं असतं तर पुढची एकतीस वर्षंही ऐकला नसता.

"काय गं ते?" तिनं विचारलं.

नात पलंगावर पालथी पडून मोबाइलमध्ये तोंड घालून होती. कॉलेजला सुट्टी असली की या मुलीला पाठीचा कणा नसतो, असं थोरलीचं मत होतं.

"शेपटातली बाई गं! सगळ्यांना माहितीय."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला?"

"चार लाख लोकांना."

थोरलीच्या मांडीवरचं ताट कललं आणि मटार घरभर झाले.

मग नातीनं सांगितलं ते असं. कुठल्या तरी गावातल्या एका मुलीनं भंगारवाल्याकडून जुन्या कॅसेटींचं खोकं उचललं. एकेकाची हौस. त्यातल्या एका कॅसेटीत सगळी गाणी संपल्यावर शेवटची दोन मिनिटं ही बाई गात होती. मुलीनं तेवढा तुकडा इंटरनेटवर टाकला आणि खाली लिहिलं, 'ही कोण?' आठ दिवसांत दुसऱ्या कुणी आईच्या कपाटातून कॅसेट काढली. तिच्याही शेवटी हीच बाई, हेच गाणं. मग तिसरी निघाली, मग सातवी. प्रत्येक कॅसेटीवर एकच शिक्का, निळ्या शाईतला पतंग. एकोणीस तुकडे जमले होते, आणि माणसं आपापली अडगळ उपसून विसावा तुकडा शोधत होती.

"आणि गंमत म्हणजे दोन तुकडे एकसारखे नाहीत! दरवेळी नव्यानं गायलीय ती. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं सांगितलं, दुकानात याला शेपूट म्हणायचे. कोण असेल गं? जिवंत असेल का? सापडणारच बघ. इंटरनेटवर सगळं सापडतं."

"मेली असेल," थोरली म्हणाली. "बंद कर ते. डोकं उठलं."

"आजी!"

"बंद कर म्हणते ना."

नातीनं गाल फुगवून बंद केलं. तो पतंग तिच्याच आजोबांनी रबराच्या तुकड्यावर ब्लेडनं कोरला होता हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं. दुकान तिच्या जन्माआधीच उठलं होतं. थोरली मटार गोळा करायला वाकली ती वाकलेलीच राहिली. उठली असती तर नातीला तिचं तोंड दिसलं असतं.

ते दुकान कॅसेटी भरून द्यायचं. तेव्हा गाणं असं घरात घुसून माणसाला गाठत नव्हतं, माणूस गाण्याकडे चालत यायचा. गिऱ्हाईक एखादी ओळ गुणगुणायचं, तीही चुकीची, आणि थोरली फळीवरून बरोबर तेच गाणं काढायची. शाळा तिची चौथीपर्यंत, पण कुणाला काय आवडेल ते तोंड बघून सांगायची. "बाराच्या बारा रडकी निवडलीत, घरात कुणी वारलंय का? दोन तरी हसरी घ्या," असं ऐकवायची आणि गिऱ्हाईक मुकाट्यानं घ्यायचं. निम्म्या गावानं काय ऐकलं ते थोरलीनं ठरवलं होतं, आणि त्याचा तिला ताठा होता.

बारा गाणी भरली की शेवटी दोन-अडीच मिनिटं फीत उरायची. तेच शेपूट. बाकीचे दुकानदार ते कोरं सोडायचे. थोरलीला ते खपायचं नाही. "पेला द्यायचा तर काठोकाठ. आपण काय तसले आहोत?" म्हणून तिनं जावेला माइकपुढं बसवलं. धाकटी काम करता करता स्वतःच रचलेलं काहीबाही गुणगुणायची, तेच तिथं गायची. दोन्ही डेक कामात गुंतलेले असायचे, एकदा गाऊन नक्कल करायची सोय नव्हती. प्रत्येक शेपटाला नव्यानं गावं लागायचं, आणि तेही नवरा बाहेर गेला की. घरात तिला गायला बंदी होती.

तिचा नवरा म्हणजे थोरलीचा दीर. दुकानाच्या मागच्या खोलीत तो बिघडलेले टेप दुरुस्त करायचा. बोलायला मध. गल्ली त्याला देवमाणूस म्हणायची. वरून कीर्तन, आतून तमाशा. तारा जोडायला डाख देतात ती तापलेली सळई त्यानं धाकटीच्या दंडावर पाच वेळा टेकवली होती. पाचवी वेळ थोरलीनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितली, आणि तिसऱ्या दिवशी धाकटी या घरातून नाहीशी झाली.

पळून गेली, असं गल्ली म्हणाली. थोरलीनंही तसंच म्हटलं, वर पदर तोंडाला लावून रडली. कुठं गेली ते एकट्या थोरलीला माहीत होतं. स्वतःच्या नवऱ्यालाही तिनं मरेपर्यंत सांगितलं नाही. जावाजावांचं ठरलं होतं. पत्र नाही, फोन नाही, निरोप नाही. कुणी मेलं तरी नाही.

दीर मात्र तेव्हापासून शोधतच होता. दर दोन-तीन महिन्यांनी पिशवी भरायची, 'हवापालट' म्हणायचं, कुठल्या तरी गावाला जाऊन चार दिवस तिथल्या बाजारात, दवाखान्यात, बसच्या थांब्यावर बसून राहायचं आणि परत यायचं. घर दोघा भावांचं. तो खालच्या मजल्यावर राहायचा. एकदा तो आजारी असताना थोरलीनं त्याचं कपाट उघडलं, तर दाराच्या आतल्या बाजूला नकाशा चिकटवलेला. बघून झालेल्या गावांवर बारीक, नीटस फुल्या. धाकटी जिथं होती त्या धरणाखालच्या गावावर फुली नव्हती. थोरलीनं कपाट होतं तसं लावून ठेवलं.

पण आज ती धास्तावली ती नुसत्या गाण्यानं नाही. गळ्यावर पत्ता लिहिलेला नसतो. थोरलीला भीती होती ती शेवटच्या शेपटाची.

जायच्या आदल्या दिवशी धाकटी शेवटचं गायली. गाणं संपलं तसं थोरलीनं माइकचं बटण दाबलं आणि दोघी बोलत बसल्या. कुठली गाडी, कुठं उतरायचं, कुणाकडे जायचं. बोलणं संपलं आणि डेकमध्ये खट् झालं. फीत तेव्हा संपली होती. बटण अडकलं होतं, माइक चालूच होता. कॅसेट काढून फोडून टाकावी म्हणून थोरली उठतेय तोच मागच्या दारानं दीर आला. त्याच्यासमोर कॅसेट कशी फोडणार? तिनं ती डब्यात घातली, गल्ल्याखाली सरकवली आणि भाजी चिरायला घरात गेली. परत आली तेव्हा नवऱ्यानं ती जिची तिला देऊन टाकली होती. एका नर्सबाईला. तिची बदली झाली होती, संध्याकाळच्या गाडीनं ती गाव सोडून गेलीसुद्धा.

फितीला बुरशी लागते, उंदीर कुरतडतात, लोक फेकून देतात. असं म्हणून थोरलीनं एकतीस वर्षं काढली. आता चार लाख माणसं अडगळ उपसायला बसली होती.

दुसऱ्या दिवसापासून थोरलीनं स्वतःच ऐकायला सुरुवात केली. नात कॉलेजात गेली की दार लावून घ्यायची, मोबाइल तोंडाजवळ धरून "शेपटातली बाई" म्हणायची. लिहायचा कंटाळा, पण मोबाइलला बोललेलं कळायचं. नवं शेपूट आलं की शेवटपर्यंत ऐकायचं. गाणं संपलं की श्वास रोखायचा. खट्. नुसतं खट्, बोलणं नाही. मग हुश्श. विसावं झालं. एकविसावं झालं. बाविसाव्यात धाकटी मध्येच हसली होती आणि थोरलीचा आवाज आला, "दात काय काढतेस, फीत चाललीय!" खाली लोकांनी लिहिलं होतं, 'ही दुसरी बाई कोण? ही पण भारी आहे.' थोरलीला क्षणभर बरं वाटलं. लगेच स्वतःचाच राग आला.

तिला वाटत होतं, आपण पहारा देतोय.

बाराव्या दिवशी, शनिवारी दुपारी चारला, दीर वर आला. चहाला यायचा कधीमधी. काठी भिंतीला टेकवली, राखाडी टोपी गुडघ्यावर ठेवली. नात आतल्या खोलीत होती. थोरलीनं कप पुढं केला आणि तो घेता घेता दीर हळूच गुणगुणला.

सुईत दोरा, दोऱ्यात गाठ…

थोरलीनं कप पडू दिला नाही.

"काय हो भावजी, म्हातारपणी गाणं सुचलं?"

"मोबाइलनं सुचवलं, वहिनी. रोज एक नवीन सुचवतो. मी म्हटलं, याला कसं कळलं माझ्या घरचं?" तो गोड हसला. "तुम्हीही ऐकता ना? तेविसावं ऐकलंत?"

"मी कशाला ऐकतेय?"

"ऐकलंत की. काल सकाळी सव्वाअकराला. त्यात दिसतं सगळं." त्यानं चहाचा घोट घेतला. "साखर कमी आहे. मला आधी वाटलं, वहिनींना गाण्याची आवड परत लागली. मग वाटलं, प्रत्येक शेपूट शेवटच्या खट्पर्यंत कशाला ऐकत असतील? काय शोधत असतील? उद्या पाचला मोठं शेपूट लावणार आहेत म्हणे, सगळ्यांसाठी एकदम. कुणा नर्सबाईच्या घरी निघालं. त्यात बायकांचं बोलणं आहे."

कप बशीत उपडा घालून तो उठला. उतरताना काठीचा आवाज एकेका पायरीवर येत राहिला, ठक, ठक. तो थांबेपर्यंत थोरली हलली नाही.

"पोरी," तिनं हाक मारली, "माझं ऐकलेलं भावजींना कसं दिसतं?"

नात केस विंचरत बाहेर आली. "दोघांना एकच खातं काढून दिलंय ना मी. तुझा पासवर्ड तू विसरणार, त्यांचा ते विसरणार. एकच बरं. तू काय ऐकलंस ते त्यांना सुचवतं, त्यांनी ऐकलेलं तुला. का गं?"

थोरली मटकन खाली बसली. बारा दिवस ती पहारा देत नव्हती. बारा दिवस हाताला धरून ती त्याला धाकटीच्या दारापर्यंत नेत होती. तिनं ऐकलं नसतं तर त्या मोबाइलनं त्याच्यापुढं जुनी भजनं टाकली असती, आणि तो मरेपर्यंत फुल्या मारत बसला असता.

तिनं नातीला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. सळईचं सांगताना नातीचा कंगवा हातातच राहिला.

"धाकटे आजोबा? आपले? मला शाळेत सोडायला यायचे ते?"

"तेच. आता रडत बसू नकोस, वेळ नाही. त्या खोकेवालीला गाठ. उद्याचं ते लावू नको म्हणावं."

नातीनं लगेच लिहिलं. एकदा, दोनदा, सहादा. उत्तर नाही. "रोज पन्नास जण लिहितात तिला, आजी. 'ती माझी आत्या', 'ती माझी मावशी.' आत्तापर्यंत अकरा जणींनी सांगितलंय की ती बाई मीच."

"अकरा? एकीला तरी गाता येतं का?"

रात्र कशी गेली ते थोरलीलाच ठाऊक. सकाळी सहाला खालच्या दाराची कडी वाजली. दूध आणायला गेला असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. घाबरलेल्या माणसाला स्वतःचं खोटं लवकर पटतं.

दहाला खोकेवालीचा फोन आला. लहान मुलीसारखा आवाज, झोपेतून उठलेला.

"हे बघा आजी, पुरावा नसेल तर मला नाही—"

"गाणं संपल्यावर मी म्हणते, 'दहाची गाडी, खिडकीशी बसू नको.' ती म्हणते, 'ताई, पोटातलं हलतंय.' मी म्हणते, 'हलू दे, त्याला पण जायची घाई झालीय.' आहे का तसं?"

पलीकडे पांघरूण बाजूला सारल्याचा आवाज झाला.

"आहे," मुलगी म्हणाली. आवाजातली झोप उडाली होती. "आजी, तुम्ही 'ही पण भारी' आहात?"

"भारी-हलकी नंतर. ते लावू नको. त्यात पत्ता आहे. नवऱ्याला कळला तर तो तिला जिवंत सोडणार नाही."

मुलीचा आवाज आता रडवेला झाला.

"आजी… त्या काकांनी मला परवाच लिहिलं होतं. लग्नाचा फोटो पाठवला. एकतीस वर्षं शोधतोय म्हणाले, फोनवर रडले. मी पण रडले. मला वाटलं, किती छान, माझ्यामुळे दोघं भेटतील… मी त्यांना काल दुपारीच पाठवलं ते."

म्हणजे शनिवारी चहाला आला तेव्हा त्यानं ऐकलेलं होतं. चहा प्यायला नव्हे, थोरलीचं तोंड बघायला आला होता.

नात धावत खाली गेली आणि तशीच वर आली. खोलीला कुलूप. पिशवी नाही, काठी नाही.

धरणाखालचं गाव तीन तासांवर. तो सहाला निघालाय आणि आता सव्वादहा.

"नंबर आहे का तिचा?" नातीनं विचारलं.

"कुठला नंबर! एकतीस वर्षांत तिची सावली बघितली नाही. माझी मैत्रीण तिथं शिवणशाळा चालवायची, तिच्याकडे पाठवली होती. ती मैत्रीण आहे का गेली तेही माहीत नाही."

नातीचे अंगठे मोबाइलवर चालले. थोरलीनं अजून दोन वाक्यंही मनात जुळवली नव्हती, तोवर पडदा तिच्या नाकासमोर आला. शिवणशाळा. फोटो. पत्ता. लोकांनी दिलेले तारे, पाचापैकी साडेचार. 'बाई मन लावून शिकवतात.' आणि दारात उभी, पांढऱ्या केसांची, गळ्यात मापाची पट्टी घातलेली धाकटी.

इतकी वर्षं जिला काळजाच्या तळाशी दडवली ती अशी उघड्यावर उभी होती. काय विचारायचं ते कुणाला माहीत नव्हतं, एवढाच काय तो आडोसा.

"लाव फोन."

तीनदा वाजला. "शिवणशाळा, बोला." तरुण गळा. पण गळा तोच.

"आईला दे. थोरलीचा फोन आहे म्हणावं."

मागं शिवणयंत्रांची खडखड. मग कुणीतरी फोन घट्ट धरल्याचा आवाज.

"ताई." बस, एवढंच. कशा आहात नाही, कुठून नंबर मिळाला नाही.

"दार लाव. भावजींना कळलंय. सकाळी निघालेत."

धाकटी अगदी हळू म्हणाली, "टोपी घालतात का आता?"

"हो. राखाडी."

"काठी?"

"हो. का गं?"

"मग आतच बसलेत, ताई. पाऊण तास झाला. पँट आखूड करायची म्हणाले. मी ओळखलंच नाही, मान खाली घालून बसलेत. मुलीनं पाणी दिलं. आणि… मुलींची शिकवणी किती वाजता सुटते, विचारत होते. त्या गेल्या की निवांत माप द्या म्हणाले."

उभ्या जन्मात थोरलीची जी जीभ कुणापुढं अडली नव्हती, ती टाळूला चिकटली. नात तिचा खांदा दाबून होती.

"किती मुली आहेत?" ती कशीबशी म्हणाली.

"अठरा."

"एकीलाही घरी सोडू नको. तुझी पोरगी कुठं आहे?"

"माझ्यामागं."

"तिला मुलींमध्ये बसव. आणि फोन त्यांना दे. जवळ जाऊ नको. टेबलावर ठेव, स्पीकर लाव आणि मागं सर."

यंत्रांची खडखड एकेक करून थांबली. आता तिकडचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

"वहिनी," दीर म्हणाला. तोच मध. "तुम्ही माझ्यासमोर रडला होता. ती कुठं गेली माहीत नाही म्हणून. पदर तोंडाला लावून."

"रडले. झकास रडले. नाटकं काय तुमची एकट्याचीच जहागीर आहे?"

"मी बायकोला न्यायला आलोय. कुणाच्या बापाचं काय जातं?"

"न्या की. पण आधी जरा नीट बोला, भावजी. त्या खोकेवालीनं हा फोन सगळ्यांना लावून दिलाय. चार लाख माणसं ऐकतायत आत्ता. तुम्ही 'वहिनी' म्हणालात तेही ऐकलं त्यांनी. आपली गल्ली ऐकतेय. तुमची सकाळी फिरायला येणारी मंडळी ऐकतायत. आता मी त्यांना सळईचं सांगते. पहिल्यांदा डावा दंड, कोपराच्या वर. का, तर मीठ जास्त झालं. दुसऱ्यांदा त्याच्याच शेजारी. का, तर गिऱ्हाइकाशी हसली…"

ती बोलत राहिली. तिसरी, चौथी, पाचवी. आवाज चढवला नाही, दुकानात गाण्यांची यादी वाचायची तशी वाचून दाखवली. मग पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि फोन बंद झाला.

नातीनं परत लावला. लागेना. परत. लागेना. थोरली भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली. काटा एक मिनिट सरकायला केवढा वेळ घेतो! त्या सात मिनिटांत तिनं धाकटीला सतरा वेळा मारलं आणि सतरा वेळा जिवंत केलं.

मग फोन वाजला.

"गेले," धाकटी म्हणाली. "उठले, सगळ्यांकडे बघितलं. एकेका मुलीकडे. मुली कात्र्या घेऊन उभ्या राहिल्या होत्या. मग माझ्या पोरीकडे बघत राहिले बराच वेळ. आणि गेले. कुठं गेले ते माहीत नाही."

नात थोरलीकडे वळली. "आजी, चार लाख लोक कधी ऐकत होते? मी काहीच लावलं नव्हतं!"

"ते मला माहितीय, तुला माहितीय. त्यांना कुठं माहितीय? ज्यानं जन्मभर लोकांना दाखवायला तोंड रंगवलं त्याला लोकांचीच भीती घालायची."

"पण त्यांना कळेल की खोटं होतं. घरी आले की बघतील."

थोरलीला हे सुचलं नव्हतं. तिनं धाकटीला सापडलेल्या शेपटाचं आणि ते पाचला सगळ्यांना ऐकवणार असल्याचं सांगितलं. तेव्हा फोनमधून धाकटीच बोलली.

"ताई, ते पाचला वाजवणार होते ना? वाजवू दे."

"खुळी आहेस का? पत्ता आहे त्यात. पोटातलं आहे."

"ज्याला पत्ता कळायला नको होता त्याला कळलाय. आता बाकीच्यांना कळलेला बरा. इतकी वर्षं लपले म्हणून मी एकटी होते. ते परत येतील तेव्हा मला एकटं असायचं नाही. माझ्या नावानं वाजवा. सळईचं मी स्वतः सांगते." आणि मग बारीक आवाजात, "मला खूप भीती वाटतेय हो."

"मलाही," थोरली म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. नातीनं मान दुसरीकडे वळवली.

पाचला वाजलं. आधी धाकटीचं गाणं, मग दोघींचं बोलणं, मग आजची धाकटी, म्हातारी, अडखळत, पण शेवटपर्यंत बोलली. थोरलीनं मोबाइल हातात धरला नाही, टेबलावर ठेवून लांब बसली. भिंतीपलीकडून तेच ऐकू येत होतं. समोरच्या घरातूनही. स्वतःचा तिशीतला ठणठणीत आवाज चहूबाजूंनी अंगावर येत होता. 'हलू दे, त्याला पण जायची घाई झालीय.' कुठल्या तरी घरात बाई हसली आणि एकदम गप्प झाली.

सहा वाजायला आले तेव्हा खालचं फाटक करकरलं.

"आजी, दार लाव," नात कुजबुजली. "मी पोलिसांना फोन करते."

"कर. पण दार उघडंच राहू दे. बंद दाराआड काय होतं ते बघितलंय मी."

थोरली उठली आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. खाली तो उभा होता, टोपी हातात, पिशवी खांद्याला. काठी नव्हती, तिकडेच पडली असावी. शेजारची दारं एकेक करून उघडली. बायका उंबऱ्यात आल्या, पुरुष त्यांच्यामागं. एकीच्या हातातल्या मोबाइलमधून धाकटी अजून बोलत होती.

त्यानं सवयीनं हसून एकेकाकडे बघितलं. परत कुणी हसलं नाही. हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, काढायचं कसं ते सुचेना झाल्यासारखं.

"वहिनी," तो खालून म्हणाला, "ती पाणी देणारी… ती माझी मुलगी होती?"

"नाही," थोरली म्हणाली. "ती तिच्या आईची आहे."

त्यानं पहिल्या पायरीवर पाय ठेवला. थोरली हलली नाही. कठडा तिनं एका हातानं घट्ट धरला होता. किती घट्ट, ते खालून दिसत नव्हतं.